फ्रेंच डिझायनरांसाठी कच्छमध्ये नैसर्गिक रंगाईचा मुक्काम: सल्ला हवा

पॅरिसकर
नमस्कार मंडळी. फ्रान्समधल्या चार टेक्स्टाइल डिझायनरांना नैसर्गिक रंगाई स्वतःच्या हाताने शिकायची आहे. कच्छमध्ये चार आठवडे राहायची तयारी आहे. यादीत अजरख (लाकडी ठशांनी छापून नैसर्गिक रंगांत रंगवलेलं कापड), बांधणी आणि भुजजवळच्या भुजोडी गावाचं विणकाम, तिन्ही आहेत. कोणते महिने, व्हिसा कुठला, आणि करार कसा करावा?

हिरडा_तुरटी
तिन्ही नको, फक्त अजरख धरा. बांधणी आणि माग एकेक दिवस जाऊन बघा. अजरखाचं एक कापड १४ ते १६ टप्प्यांतून जातं आणि मध्येमध्ये ते उन्हात कडक वाळवावं लागतं. एक टप्पा चुकला तर ते पुढे दोन आठवड्यांनी कळतं, म्हणून चार आठवडे हेसुद्धा जेमतेम आहेत.

क्रम साधारण असा. आधी कापड एरंडेल, सोडा आणि उंटाच्या लेंड्या यांत भिजवून धुतात. मग हिरड्याचं पाणी देऊन वाळवतात. पांढऱ्या रेषांसाठी चुना आणि डिंक यांचा ठसा. काळ्यासाठी भंगार लोखंड आणि गूळ पाण्यात आंबवून, चिंचोक्याच्या पिठाने दाट केलेलं मिश्रण. लाल हवं तिथे तुरटी. लाल-काळा भाग झाकायला त्यावर माती, चुना, डिंक यांचा लेप देऊन मग नीळ. धुऊन झालं की मंजिष्ठेच्या, म्हणजे लाल रंग देणाऱ्या मुळीच्या, उकळत्या पाण्यात, धायटीची फुलं घालून.

बिघडतं ते बहुतेक चार ठिकाणी.
– लोखंडाचं मिश्रण कच्चं असेल तर काळ्याऐवजी करडा उतरतो. हिवाळ्यात आंबायला जास्त दिवस लागतात, म्हणून पाहुणे यायच्या आधीच भांडं लावायला सांगा. मिश्रण फार तीव्र झालं तर काही वर्षांनी कापड नेमकं काळ्या रेषांवर विरतं.
– लेप ओला असताना कापड निळीत बुडवलं तर निळा रंग लालात शिरतो.
– निळीच्या पिंपात वर तांबूस साय आणि खाली पिवळसर हिरवं पाणी दिसायला हवं. पाणीच निळं दिसत असेल तर पिंप तयार नाही. तो रंग कापडात बसत नाही, हाताला लागतो.
– पाण्यात लोह असेल तर हिरड्याशी मिळून सगळं कापड काळवंडतं आणि लाल मळकट होतो. २००१च्या भूकंपानंतर अजरखाच्या जुन्या गावाचं, धमडक्याचं पाणी याच कारणाने बिघडलं, आणि तिथल्या अजरख छापणाऱ्या बऱ्याच खत्री कुटुंबांनी भुजजवळ अजरखपूर वसवलं.

ठसेवाली
स्वतःची नक्षी छापायची असेल तर आराखडे दोन महिने आधी पाठवा. एका नक्षीला एक ठसा पुरत नाही. रेघ, काळा, लाल, लेप, प्रत्येकाचा वेगळा, आणि सगळे एकमेकांवर अचूक बसायला हवेत. गांधीनगरजवळच्या पेथापूरला सागवानात कोरून मिळतात. पहिले दोन आठवडे मात्र कारागिरांचे जुनेच ठसे वापरा. नाहीतर रंग चुकला की ठसा चुकला, हेच कळणार नाही.

पॅरिसकर
खूप आभार. आणि रंग खरंच नैसर्गिक आहेत हे कसं ओळखायचं?

हिरडा_तुरटी
थेट विचारा, कारागीर सांगतात. लालासाठी मंजिष्ठा की कारखान्यातलं अलिझरीन? निळीचं पिंप गूळ, खजूर घालून आंबवलेलं की हायड्रोसल्फाइट या रसायनाचं? दोन्ही तऱ्हा चालतात, भावातही फरक असतो. उत्तर करारात लिहून घ्या. रंगाचं सांडपाणी कुठे जातं हेही बघा. शाश्वत म्हणवणाऱ्या कार्यक्रमात हा प्रश्न पहिल्याच दिवशी यायला हवा.

महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पण अजरखाचे कारागीर बहुतेक मुस्लिम आहेत, म्हणून रमजान बघूनच तारखा ठरवा. तो दर वर्षी १०-११ दिवस अलीकडे सरकतो आणि येत्या काही वर्षांत हिवाळ्यातच येतो. शुक्रवार सुट्टीचा धरा.

सीमाशुल्क
ई-टूरिस्ट व्हिसावर कला-हस्तकलेचा अनौपचारिक, सहा महिन्यांच्या आतला वर्ग चालतो, पण पात्रतेचं प्रमाणपत्र घेता येत नाही. तेव्हा कार्यक्रमपत्रिकेत 'प्रमाणपत्र' लिहू नका. कारागिराच्या घरी राहणार असाल तर यजमानाने २४ तासांत परदेशी पाहुण्याची ऑनलाइन नोंद करायची असते. हे त्यांना आधी समजावून सांगा, घाईत फॉर्म अडतात. परतताना विमानाने सोबत नेलेल्या, विक्रीसाठी नसलेल्या वस्तूंवर प्रवाशाला ४३० युरोपर्यंत करात सूट आहे. कुरियरने पाठवलात तर फ्रान्समध्ये २० टक्के व्हॅट लागेल, बिल सोबत हवंच.

ठसेवाली
करार गुजरातीत आणि फ्रेंचमध्ये, दोन्ही. शिकवण्याचे पैसे दिवसावर द्या, मीटरवर नाही. मीटरवर दिले की उस्ताद भराभर छापून मोकळे होणार आणि शिकणारे नुसते बघत राहणार. कापडाचं बिल वेगळं. पॅरिसला त्याच नक्षीचं उत्पादन निघालं तर ते कोण छापणार, लेबलवर कुटुंबाचं नाव कसं येणार, हे दोन मुद्दे सही व्हायच्या आधी लिहा. दुभाषा हिंदी-फ्रेंच येणारा घ्या. कारागिरांशी हिंदीत निभतं, पण चार डिझायनरांचे प्रश्न एकदम आले की एकटा पुरत नाही, दोन ठेवा.