हॅस्केल या प्रोग्रामिंग भाषेने तुम्हाला कुठे अडकवलं? अनुभव सांगा

काल रात्री भाचीचा स्क्रीनशॉट आला, "मामा, हे काय म्हणतंय?" सरासरी काढत होती बिचारी, लिस्टची बेरीज भागिले लेंग्थ, आणि खाली लाल अक्षरांत तेच आपलं फ्रॅक्शनल इंट नाही वगैरे. एकदम २०१४ आठवलं. याच ओळीवर मी अख्खा रविवार घालवलेला, बायको जेवायला हाका मारतेय आणि मी म्हणतोय थांब भागाकार होत नाहीये. लेंग्थ इंट म्हणजे पूर्णांक देतं, त्या तिरप्या रेघेला अपूर्णांक चालणारा टाइप लागतो, आणि हा गडी आपणहून काही बदलून देत नाही. लेंग्थला फ्रॉमइंटिग्रल (पूर्णांकाचा टाइप बदलून देणारं फंक्शन) लावलं की सुटतं, लिस्टपण इंटची असेल तर बेरजेलाही लावायचं. तर तुमचे असे वाया गेलेले रविवार येऊद्यात, आणि सुटलात कसे तेही. मोनाड (हॅस्केलमधली ती कुप्रसिद्ध अवघड कल्पना) म्हणजे काय हे कृपया कोणी समजावू नका.

खारीबटर
फोल्डएल, लिस्ट एकेक करत गोळा करणारं फंक्शन!! लॉग फाइलमधले आकडे बेरजेला घातले, जीएचसीआयमध्ये (कंपाइल न करता ओळ टाइप करून लगेच चालवायची जागा), तर रॅम फुल, पंखा विमानासारखा. नंतर कळलं की तो बेरीज करतच नव्हता, वाण्याच्या वहीसारखं नुसतं मांडून ठेवत होता, नंतर बघू नंतर बघू. फोल्डएल प्राइम वापरा, रोखीचा व्यवहार. तेव्हा डेटा डॉट लिस्ट या मोड्यूलमधून आणावं लागायचं, जीएचसी कंपायलरच्या ९.१० पासून प्रेल्यूडमध्येच (जे आपोआप मिळतं त्यात) आहे

निद्रानाश
@खारीबटर अर्धंच सांगितलंत. प्राइम लावूनही मी फसलोय. सरासरीसाठी बेरीज आणि संख्या अशी जोडी घेऊन चाललो होतो, तर तो फक्त जोडीचा कंस उघडून बघतो, आतले दोन्ही आकडे उधारच. आतल्या दोन्ही नावांपुढे उद्गारचिन्ह लावलं तेव्हा मेमरी खाली आली. आणि ऑप्टिमायझेशन लावून बिल्ड केलं की बऱ्याचदा कंपायलर स्वतःच सावरून घेतो, त्यामुळे जीएचसीआयमध्ये रडतं आणि बिल्डमध्ये पळतं, माणूस वेडा होतो

खारीबटर
बरोबर, माझी जोडी नव्हती म्हणून वाचलो 😄

दुसरा_मजला
सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशोब मी हॅस्केलमध्ये ठेवायचो (हसू नका, सेक्रेटरी व्हायला कोणी तयार नव्हतं). रीडफाइलने फाइल वाचायची, नवीन ओळ जोडायची, राइटफाइलने त्याच नावाने लिहायची. रिसोर्स बिझी, फाइल इज लॉक्ड. मला वाटलं अँटीव्हायरस, तो बंद केला, मशीन रिस्टार्ट केलं, मुलाला ओरडलो की एक्सेल उघडं ठेवतोस म्हणून. त्याचा काही दोष नव्हता. साधं रीडफाइल आळशी, लागेल तसं वाचतं, म्हणजे लिहायची वेळ आली तरी फाइल उघडीच. टेक्स्ट लायब्ररीतलं रीडफाइल घेतलं, ते सगळं एकदम वाचून बंद करतं. मुलाला आइस्क्रीम दिलं. चौथ्या मजल्यावरच्यांची थकबाकी मात्र अजून आहे, त्याला कुठली लायब्ररी नाही

पावसाळी
थकबाकी 😂😂 आमच्याकडे तर लिफ्ट बंद पडली तेव्हा भरले लोकांनी

ताकभात
फोनवरून टाइप करतेय कुकर लावलाय. माझं वेगळंच. "नाव सांगा" असं विचारणारा छोटा प्रोग्राम, जीएचसीआयमध्ये मस्त चालतो, कंपाइल केला की काळी स्क्रीन नुसती. हँग झाला म्हणून बंद करायचे. एकदा वैतागून एंटर दाबलं तर प्रश्न आणि उत्तर एकदमच आले. पुटस्टर (स्क्रीनवर लिहिणारं फंक्शन) नवीन ओळ देत नाही ना, मग ते बफरमध्येच, म्हणजे छापायच्या आधी साठवतात तिथे, बसून राहतं. एचफ्लश एसटीडीआउट टाका प्रश्नानंतर, साठलेलं लगेच बाहेर येतं. शिट्टी झाली, जाते

निद्रानाश
किती शिट्ट्या?

ताकभात
तीन. राजमा असेल तर सहा

एक_कोरा_कागद
नवीन लोकांना एकच सांगेन, अडलात की तिथे अंडरस्कोअर टाका आणि कंपाइल करा. कंपायलर सांगतो इथे अमुक टाइपचं काहीतरी पाहिजे, आणि हाताशी काय काय आहे तेही. मग तोच टाइप हूगलवर (हॅस्केलची फंक्शनं टाइपवरून शोधायची साइट) टाकायचा. मॅपमेबी हे फंक्शन मला असंच सापडलं, त्याआधी मी तेच हाताने चार वेळा लिहिलं होतं. हे मला दोन वर्षं कोणीच सांगितलं नाही, सगळे टाइप थिअरीच सांगत बसले

पावसाळी
मी कधी हॅस्केल शिकलो नाही पण धागा वाचतोय. त्या न केलेल्या हिशोबाला काय म्हणतात तुमच्यात?

खारीबटर
थंक. मराठीत "बघतो" म्हणू

दुसरा_मजला
"बघतो"चे ढीग लागतात मग प्रोग्राम झोपतो. चौथा मजला!

मूळ धागाकर्ता
फ्रॉमइंटिग्रलने भाचीचं काम झालं. आता नवीन स्क्रीनशॉट, फंक्शनला उणे एक दिलाय आणि तो म्हणतोय फंक्शनमधून एक वजा करू का. कंसात टाक म्हणालो. "मामा, सरळ सांगत का नाही हा?" असं विचारतेय, उत्तर कोणाकडे असेल तर द्या, तिला क्लासला जायचंय