मदत हवी आहे: पातळ पत्र्यावरचं वेल्डिंग घासताना पत्रा फुगतोय

मंडळी, रबाळे एमआयडीसीत आमचं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, १.२ एमएम सीआर (कोल्ड रोल्ड) पत्र्याचे पॅनल बॉक्स बनवतो. कोपरे मिगने (वायर आपोआप पुढे येणारं गॅस वेल्डिंग मशीन) मारतो आणि ४ इंची ग्राइंडरला ६० नंबरची फ्लॅप डिस्क (पॉलिश पेपरच्या पाकळ्यांची चकती) लावून सपाट करतो. वेल्डचा उंचवटा उतरेपर्यंत ठीक असतं, पण शेवटचं साफ करताना शेजारचा पत्रा निळा पडतो, फुगतो, आणि बोट फिरवलं की जॉइंटच्या दोन्ही बाजूंना बारीक खड्डा लागतो. तेव्हा डोळ्याला दिसत नाही हो, पण पावडर कोटिंग होऊन आल्यावर बॉक्स उजेडात तिरका धरला की पट्टा लगेच दिसतो आणि पार्टी माल परत पाठवते.

एका जागी डिस्क थांबवायची नाही, मधे गार होऊ द्यायचं, हे पोरं पाळतात. हार्ड व्हील (दगडासारखी कडक ग्राइंडिंग चकती) तर मी वापरूच देत नाही, पातळ पत्रा खातं ते.

आता उंचवटा थोडा ठेवून शेवटचं काम ऑर्बिटल सँडरवर ८० मग १२० नंबरच्या पेपरने करावं का? की टिगवरच (टंगस्टनच्या काडीचं, बारीक कामाचं वेल्डिंग) जावं? उष्णता ओढायला मागे तांब्याची पट्टी लावून कोणी वेल्डिंग मारतं का? साधी पुट्टी नका सुचवू, पावडर कोटिंगच्या १८०-२०० डिग्रीच्या ओव्हनमध्ये ती टिकत नाही. वागळे इस्टेटकडे कोणी हे रोज करत असेल तर येऊन बघायची पण तयारी आहे.