मदत हवी आहे: ०.३ मिमी एंडमिलची लांबी टोक न मोडता कशी मोजावी?

नमस्कार. आमच्या व्हीएमसीवर (संगणकाने चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनवर) पितळेच्या एम्बॉसिंग डायमध्ये बारीक अक्षरे कोरण्यासाठी ०.३ मिमी व्यासाची कार्बाइड एंडमिल (फिरत धातू कापणारे टूल) वापरली जाते. स्पर्शाने मोजणाऱ्या टूल सेटरवर मोठी टूल्स बिनतक्रार मोजली जातात. मात्र फीड (टूल सरकण्याचा वेग) कितीही कमी ठेवला तरी सेटरच्या स्प्रिंगचा दाब या टूलला सोसत नाही आणि कोपऱ्याचा टवका उडतो, जो भिंगाखाली धरल्याशिवाय दिसतही नाही. टूलखाली कागद लावून ऑफसेट (मशीनला द्यायचा टूलच्या लांबीचा आकडा) घेणे इथे निरुपयोगीच, कारण कोरण्याची खोलीच जेमतेम ०.०५ मिमी आहे. प्रीसेटरवर (मशीनबाहेर टूल मोजणाऱ्या उपकरणावर) कॅमेऱ्याने घेतलेल्या मापात, स्पिंडल (टूल धरून फिरवणारा भाग) तापल्यावर पडणारा फरक धरला जात नाही. लेझर सेटर फिरत्या टूलचे माप स्पर्शाविना घेतो हे खरे. परंतु टोकाला कूलंटचा थेंब किंवा चिप (धातूचा कीस) चिकटलेली असल्यास एवढ्या बारीक टूलचा आकडा कितपत भरवशाचा असतो? प्रत्यक्ष वापर करणाऱ्यांनी कृपया सविस्तर कळवावे.