मदत हवी आहे: वसंताचं वॉल हँगिंग होडीसारखं वाकतंय, आणि कागदाची सुरंगीची फुलं जमत नाहीयेत

करवंटी:
नमस्कार मंडळी, लांबलचक लिहिणार आहे, आधीच सांगते, चहा घेऊन बसा.

नणंदेचा म्हापशाला नवीन फ्लॅट झालाय, पाडव्याला वास्तुशांत आहे आणि मी चारचौघांत फुशारकी मारून बसले की हॉलच्या भिंतीवरचं वॉल हँगिंग मी हाताने करून देणार, वसंत ऋतूचं, मिक्स मीडिया म्हणतात ना तसलं, म्हणजे कागद, कापड, काथ्या, रंग सगळं एकत्र. नवरा तेव्हाच हळू आवाजात म्हणाला होता की मिक्सर देऊया. आता बारा दिवस राहिलेत आणि माझ्याकडे एक वाकडा पुठ्ठा आहे.

इंटरनेटवर वसंत म्हणून शोधलं तर नुसती गुलाबी चेरीची फुलं, ट्यूलिप आणि ससे. आमच्या फोंड्यात कुठले ससे! माझ्या डोक्यात वसंत म्हणजे एक पान नसलेली सावर आणि तिच्यावर लालभडक फुलं, रानातला पळस, आंब्याचा मोहर, काजूचे बोंडू, आणि बाजारात सुरंगीच्या फुलांचे वळेसर, म्हणजे गजरे, घेऊन बसलेल्या बायका, तो वास आला की मार्च आला. म्हणून ठरवलं की हेच करायचं. साइज १८ बाय २४ इंच, उभं. क्रीम रंगाच्या हँडमेड कागदावर पळसाची फांदी, कडेने जुन्या घरांच्या भिंतींवर लाल मातीच्या कावीची नक्षी असते तसली काव रंगाची पट्टी, वर बांबूची काठी, आणि खालून चवथीला गणपतीवर बांधतात त्या माटोळीला जसं सगळं लटकलेलं असतं तशा सुरंगीच्या माळा. कल्पना भारी आहे हो, हात तेवढे नाहीत.

झालं असं की फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, फेविकॉलमध्ये पाणी घालून ब्रशने मस्त सगळीकडे फासलं, हँडमेड कागद चिकटवला, हवेचे फुगे काढले, रात्री सपाट ठेवून झोपले. सकाळी उठून बघते तर चारी कडा वर! दिवसभर वर डिक्शनरी ठेवली, काढली की तासाभरात परत होडी. सासूबाई बघून म्हणाल्या "कितें गो हें, सूप?" तेव्हापासून घरात त्याचं नाव सूपच पडलंय.

दुसरं म्हणजे पळसाची फुलं लाल-केशरी क्रेप कागदाची केली, चिकटवताना गोंद लागला आणि रंग फुटून क्रीम कागदावर डाग. कुंकू सांडल्यासारखं दिसतंय.

आणि सुरंगी. ती पिवळ्या केसरांची दाटी कशी आणायची? पिवळा भरतकामाचा दोरा कापून लावला तर दाढीचा ब्रश झाला. साठेक फुलं लागतील, त्यामुळे एका फुलाला अर्धा तास देणं परवडणार नाही.

शेवटचं, हे पावसाळ्यात टिकेल का? आपल्याकडे जूनपासून काय होतं माहितीये, कपाटातल्या चपलांनासुद्धा बुरशी येते. कुणी केलं असेल तर सांगा प्लीज, मिक्सर द्यायची वेळ आणू नका.

अळसांदे:
सूप 😂 विकत घेतलं असतं तरी एवढं हसले नसते.

कात्रीकागद:
करवंटी, चूक पुठ्ठ्याची नाही, पाण्याची आहे. ओला कागद फुगून पसरतो, पसरलेलाच तू चिकटवलास, मग वाळताना तो आकसतो आणि पुठ्ठ्याला आपल्या बाजूला ओढतो, म्हणून कडा पुढे आल्या. मागून ओढणारं कोणी नव्हतं ना. मी काही वर्षं बाइंडिंगचं काम केलंय, तिथे पहिला धडा हाच, पुढे जे चिकटवशील ते मागेही चिकटव. तोच कागद, तोच गोंद, आणि दोन्ही कागदांची घडण एकाच दिशेला. घडण म्हणजे कागदातले तंतू ज्या दिशेने पडलेत ती, ओलाव्याने तंतू लांबीपेक्षा जाडीला फुगतात, म्हणून कागद एकाच बाजूने गुंडाळतो. मशीनच्या कागदाचा चौकोनी तुकडा एका बाजूने ओला कर, जसा गुंडाळेल त्या नळीची लांबी ती घडणीची दिशा, पेन्सिलने बाण मारून ठेव. खऱ्या हातकागदात तंतू सगळीकडे पडलेले असतात, तिथे फारसा फरक दिसणार नाही, पण हँडमेड म्हणून विकतात ते सगळंच हातचं असतं असं नाही, तेव्हा तपासलेलं बरं.

खोक्याचाच पुठ्ठा वापरायचा असेल तर दोन थर घे, एकाच्या आतल्या नळ्या उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या. गोंदात पाणी घालू नकोस, पातळ थर रोलरने फिरव. मग दोन फळ्यांमध्ये दाबून एक अख्खी रात्र, फळी आणि कागदाच्या मध्ये जुने पेपर, ते ओलसर झाले की बदलायचे. आणि आत्ताचं सूप फेकू नकोस, त्याला मागून कागद लावून बघ, बऱ्यापैकी सरळ होईल.

कुळागरवाली:
गोंदाऐवजी मैद्याची खळ वापरा ना, आमची आई पतंगांना तीच लावायची, स्वस्त आणि मस्त.

कात्रीकागद:
कुळागरवाली ताई, खळ चिकटते छान पण पिठावर कसर येते, पुस्तकं खाते तीच. जुने बाइंडर त्यासाठी खळीत मोरचूद घालायचे, पण ते विष आहे, घरात लहान मुलं असतील तर नकोच.

कुळागरवाली:
बरं खळ राहू दे. पण पुठ्ठाच कशाला म्हणते मी? पोफळीची विरी, म्हणजे झावळीच्या बुडाचं रुंद आवरण, घे की! कुळागरात, म्हणजे पोफळी-नारळांच्या बागेत, ढिगाने पडलेली असते. रात्रभर पाण्यात भिजवायची, मऊ झाली की उलगडून दगडाखाली सपाट वाळवायची, वरचा रंग असा सुंदर तपकिरी येतो की काव वेगळी द्यायलाच नको. एकाच विरीत १८ इंच रुंदी मिळणं कठीण, दोन शेजारी शिवून घ्या काथ्याने, शिवण दिसली तर अजून छान. मात्र नीट वाळू द्या, अर्धवट ओली राहिली तर आठवड्यात काळे ठिपके. फांदीसाठी हीर, म्हणजे नारळाच्या पातीची काडी, वापर, कागदाची गुंडाळी करत बसू नकोस.

पातोळी:
सुरंगीचं मी सांगते, मागच्या वर्षी शाळेच्या कार्यक्रमाला शंभर केली होती. दोरा नको. पिवळा साधा कागद, झेरॉक्सवाला रंगीत असतो तो, त्याची एक इंच रुंद आणि चार इंच लांब पट्टी. पाऊण इंचापर्यंत बारीक बारीक काप द्यायचे, कोथिंबीर कापायची पाच पात्यांची कात्री आहे ना घरात, तिने दोन मिनिटांत होतं, हे सांगायला मी धागा उघडला! मग न कापलेल्या कडेला गोंदाचं बोट फिरवून हिराच्या टोकावर घट्ट गुंडाळायचं आणि वाळल्यावर हीर काढून घेऊन केसर बोटांनी फुलवायचे. खाली पांढऱ्या कागदाच्या चार गोल पाकळ्या. सगळी फुलं उमललेली करू नका, सुरंगीचे कळेच तोडतात ना पहाटे, तर निम्म्या फुलांऐवजी मण्यांएवढ्या गोल कळ्या करा, काम पण वाचेल आणि माळ खरी वाटेल.

पळसाला क्रेप सोडून द्या. त्याचा रंग पाणी लागलं की फुटणारच. साधा जाड कागद दोन्हीकडून ॲक्रिलिकने रंगवा, ॲक्रिलिक एकदा वाळलं की पाण्याने सुटत नाही, पोस्टर कलर मात्र सुटतो, तो घेऊ नका. एक मोठी पाकळी मागे, दोन लहान बाजूला आणि मधे पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली जोडी. देठाकडचा भाग काळपट मखमली असतो तिथे जुन्या मखमलीचा तुकडा लावा, तेवढ्यानेच तो पळस दिसायला लागतो.

अळसांदे:
आणि वरून वार्निश मारायचं ना? दमटपणा लागणार नाही.

कात्रीकागद:
फक्त पुढून मारलंस तर परत सूप. मारायचंच तर स्प्रेचे दोन-तीन पातळ हात, पुढे आणि मागे दोन्हीकडे, आणि आधी एका फालतू तुकड्यावर बघून. त्याहून महत्त्वाचं म्हणजे भिंतीला टेकवू नका. मागे चार कोपऱ्यांत बाटलीच्या बुचाचे तुकडे चिकटवा, बोटभर फट राहिली की हवा खेळते. बाहेरच्या बाजूची भिंत असेल तर पावसात ती आतूनही गार आणि ओलसर असते, तिथे लावूच नका. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायचा मोह होईल, आत थोडासा जरी ओलावा कोंडला तरी बुरशी नक्की.

करवंटी:
मंडळी, तीन दिवसांनी येतेय. सुपाला मागून कागद लावला, ९० टक्के सरळ झालं, पण तोवर विरी डोक्यात बसली होती. शेजारच्या काकांच्या कुळागरातून चार आणल्या, त्यातली एक दगडाखाली मधोमध चिरली, दोन शिवून झाल्यात. काव रंगाची पट्टी रद्द, विरीचाच रंग ठेवतेय, क्रीम कागद फक्त मधे एका चौकोनात. कोथिंबिरीच्या कात्रीसाठी पातोळी तुम्हाला साष्टांग नमस्कार, काल रात्री टीव्ही बघता बघता बावीस सुरंग्या झाल्या आणि सासूबाईंनी न सांगता कळ्या करायला घेतल्या, त्यांच्या कळ्या माझ्यापेक्षा चांगल्या आहेत हे इथेच लिहिते, घरी म्हणणार नाही.

भिंत नणंदेला विचारली, पश्चिमेची बाहेरची निघाली. जागा बदल म्हणून सांगितलं तर म्हणते तिथेच खिळा ठोकून झालाय. आता मला एवढंच सांगा, खिळ्याचं भोक बुजवायला घरातलं काय चालतं?