मदत हवी आहे: बीएस्सी दुसऱ्या वर्षासाठी मेजर-मायनर निवड, भौतिकशास्त्रासोबत गणित की रसायनशास्त्र?

पाऊलवाट

नमस्कार मंडळी. भाचीसाठी विचारते आहे. त्यांच्या घरात विज्ञान शाखेची पदवी करणारी ती पहिलीच. माझं शिक्षण वाणिज्य शाखेचं, तेही जुन्या पद्धतीतलं. त्यामुळे नव्या शैक्षणिक धोरणातली ही मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), ओई (ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे ऐच्छिक विषय), व्हीएससी आणि एसईसी (दोन्ही कौशल्यविषयक अभ्यासक्रम) अशी भाषा मला तिच्याबरोबरच शिकावी लागते आहे.

भाची महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात आहे. पहिल्या वर्षी भौतिकशास्त्र, गणित आणि रसायनशास्त्र हे तिन्ही विषय सारख्याच क्रेडिटचे, म्हणजे तासांवरून ठरणाऱ्या सारख्याच भाराचे होते. आता तिसऱ्या सत्राचा अर्ज भरताना त्यातला एक मेजर, एक मायनर घ्यायचा आणि तिसरा सोडून द्यायचा आहे. मेजर भौतिकशास्त्रच, त्यात दुमत नाही. पुढे एमएस्सी आणि जमलं तर संशोधन, हेही तिच्या मनात पक्कं आहे. अडलंय ते मायनरवर. तिला गणित हवंय. वर्गातल्या बहुतेकांनी रसायनशास्त्र घेतलंय, कारण त्यात गुण चांगले पडतात असं वरच्या वर्गातली मुलं सांगतात. कार्यालयात चौकशी केली तर खिडकीवरून उत्तर मिळालं, "भौतिक-गणित यंदा नाही, वेळापत्रकात बसत नाही." पोर्टलवर मात्र तो पर्याय दिसतो आहे.

त्यात पहिल्या सत्रातला गणिताचा एक पेपर राहिला आहे. बाकी सगळं सुटलंय. एटीकेटी (पेपर राहूनही पुढे जायची मुभा) असलेलाच विषय मायनर म्हणून घेता येतो का? ओपन इलेक्टिव्हमध्ये तिला पायथन शिकण्यासाठी संगणकशास्त्र घ्यायचं होतं, ते यादीतच नाही. आणि चौथं वर्ष करायचं की तीन वर्षांनी बाहेर पडून एमएस्सी करायची, हे आत्ताच ठरवावं लागतं का?

अर्ज याच आठवड्यात लॉक होणार आहे. पोरगी रोज नवा सल्ला ऐकून येते आणि रात्री मला फोन करते. ज्यांना या नियमांची नीट माहिती आहे त्यांनी कृपया सांगा.

ओंजळभर

ताई, मी जरा वेगळं सांगतो. माझा मुलगा नुकताच यातून गेला. रसायनशास्त्र घेऊ द्या. आता सगळीकडे सीजीपीए, म्हणजे सगळ्या सत्रांची मिळून गुणसरासरी, बघतात. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचं तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. गणितात आधीच एक पेपर अडकलाय, तिथे गुण घसरले तर पुढची दारं बंद होतील. आवड ठीक आहे, पण मुलीवर ताण येईल याचाही विचार करा.

प्रयोगवही

मी अनेक वर्षं भौतिकशास्त्र शिकवतो आहे. आमच्या विभागात मुलांना विषयनिवडीचं मार्गदर्शन करायची जबाबदारीही माझ्याकडे आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी ओंजळभर यांच्या मुद्द्याबद्दल. काळजी रास्त आहे, पण हिशेब करून पाहा. सत्र साधारण २० ते २२ क्रेडिटचं असतं आणि त्यात मायनरचे बहुधा चार. समजा रसायनशास्त्रात तिला ९ ग्रेड पॉइंट मिळाले असते आणि गणितात ७ च मिळाले. फरक दोनाचा, गुणिले चार क्रेडिट म्हणजे आठ. त्याला २२ ने भागलं की त्या सत्राच्या गुणसरासरीत, म्हणजे एसजीपीएत, साधारण ०.३६ चा फरक पडतो. हा फरक छोटा नाही, पण दार बंद करणाराही नाही. आता दुसरी बाजू बघा. मेजरचे क्रेडिट मायनरपेक्षा कितीतरी जास्त असतात, आणि भौतिकशास्त्राचे वरच्या सत्रांचे पेपर गणितावरच उभे असतात. अभिजात यांत्रिकी, विद्युतचुंबकत्व, पुंजयांत्रिकी या सगळ्यांत अवकल समीकरणं, सदिश कलन आणि आव्यूह पावलोपावली लागतात. गणित सोडलेली मुलं पाचव्या सत्रात तेच गणित घाईघाईने, तुकड्यातुकड्यांत शिकताना मी दरवर्षी पाहतो. गुण तिथे जातात, आणि तेही मेजरमध्ये.

एमएस्सीसाठी आयआयटी जॅम या प्रवेशपरीक्षेचा विचार असेल तर भौतिकशास्त्राचा अभ्यासक्रम उघडून पहिलाच घटक वाचा. तो आहे गणिती पद्धतींचा. आंशिक अवकलज, जेकोबियन, फूरिए श्रेणी, ग्रीन आणि स्टोक्सची प्रमेयं, द्वितीय कोटीची अवकल समीकरणं, आव्यूह, संमिश्र संख्या. यातलं बरंचसं गणित मायनरच्या वर्गात शांतपणे शिकता येतं. शिवाय काही संस्था भौतिकशास्त्राच्या एमएस्सीला प्रवेश देताना पदवीला गणित किती शिकलात हे बघतात. ही अट संस्थेनुसार बदलते, म्हणून भाचीला तिच्या मनातल्या तीन-चार संस्थांच्या माहितीपत्रकांतली पात्रतेची पानं आजच वाचायला सांगा. आणखी एक, २०२४ च्या यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) पदव्युत्तर आराखड्यानुसार मेजर किंवा मायनर, दोन्हींपैकी कोणत्याही विषयात पुढे एमएस्सीचा मार्ग खुला राहतो. उद्या मन गणिताकडे वळलं तरी वाट शिल्लक असेल.

खिडकीवरचं उत्तर हे अंतिम उत्तर मानू नका. तिथली माणसं दिवसभर शेकडो मुलांना तोंड देत असतात आणि त्यांना जेवढं सांगितलेलं असतं तेवढंच ती सांगतात. जोडी मंजूर आहे की नाही हे विद्यापीठाच्या परिपत्रकावर आणि कॉलेजच्या मंजूर विषययादीवर ठरतं. वेळापत्रक ही कॉलेजच्या अंतर्गत सोयीची बाब आहे, आणि ती विभागप्रमुख सोडवू शकतात. नेमके कोणते तास एकमेकांवर येतात हे विचारा. बहुतेक वेळा भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिकाची एखादी बॅच आणि गणिताचं व्याख्यान एका वेळी असतं. प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला तीस तास आणि व्याख्यानाच्या एका क्रेडिटला पंधरा, म्हणून प्रात्यक्षिकं आठवड्यातली मोठी जागा खातात. बॅच बदलली की प्रश्न सुटतो. भाचीने स्वतः जावं, तुम्ही सोबत असलात तर उत्तमच. साध्या कागदावर अर्ज लिहा, दोन प्रती करा, एकीवर आवक शिक्का घ्या. तोंडी बोलण्याचा नंतर काही आधार राहत नाही.

ओपन इलेक्टिव्हचं कोडं सोपं आहे. राज्याच्या आराखड्यात ओई हा मेजरच्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यावा लागतो. संगणकशास्त्र विज्ञान शाखेतच मोडतं, म्हणून ते तिला दिसत नाही. पोर्टल बरोबर आहे. पायथनची हौस व्हीएससी किंवा एसईसीमध्ये भागते का पाहा. अनेक कॉलेजांत भौतिकशास्त्राच्या व्हीएससीत संगणकीय भौतिकशास्त्र ठेवलेलं असतं.

सातवीखिडकी

सरांना पूर्ण अनुमोदन. मी सध्या भौतिकशास्त्रात एमएस्सी करते आहे.

एटीकेटीबद्दल: दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. दुसऱ्या वर्षात जाता येतं की नाही हा एक नियम, आणि तो प्रत्येक विद्यापीठाचा वेगळा असतो. राहिलेल्या पेपरचा विषय मायनर घेता येतो की नाही हा दुसरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर परीक्षा विभागाकडेच मिळेल. "पूर्वअट म्हणून पहिल्या सत्राचा पेपर उत्तीर्ण असणं आवश्यक आहे का?" असं थेट विचारा. "चालेल ना?" असं विचारलं की समोरचा माणूस "हो चालेल" म्हणतो आणि नंतर कुणीच जबाबदार नसतं. तो पेपर मात्र पुढच्या संधीलाच काढून टाकायला सांगा. तिसऱ्या सत्राचं कलन आणि पहिल्याचं कलन एकाच वेळी डोक्यावर असलं की खूप ओढाताण होते.

वेळापत्रक कुठल्याच उपायाने जुळलं नाही तर स्वयम् या सरकारी ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या पोर्टलचा मार्ग आहे. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम स्वयम् वरून करता येतात. पण नुसतं प्रमाणपत्र आणून दिलं की क्रेडिट मिळतील असं समजू नका. अभ्यासक्रम सुरू होण्याआधी कॉलेजची लेखी मान्यता हवी. दुसरी अडचण क्रेडिटच्या जुळणीची. स्वयम् वरच्या एनपीटेलचा (आयआयटी वगैरे संस्थांच्या अभ्यासक्रमांचा) बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम तीन क्रेडिटचा, आठ आठवड्यांचा दोनचा आणि चार आठवड्यांचा एकाचा असतो. तुमच्या रकान्यात चार क्रेडिट हवे असतील तर तीनवाला एकटा पुरत नाही, आणि हे सत्र संपल्यावर कळलं तर फार जड जातं. शिवाय तिथे अभ्यासक्रमाला नाव नोंदवणं आणि परीक्षेला नाव नोंदवणं वेगवेगळं असतं. परीक्षेची मुदत अनेकांची निसटते. प्रमाणपत्रासाठी गृहपाठात २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३० लागतात, दोन्ही वेगवेगळे.

पहिल्या वर्षाचे क्रेडिट तिच्या एबीसी (अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स) खात्यात जमा दिसतात का, हेही डिजिलॉकरमध्ये बघून घ्या. ते विद्यार्थ्याला स्वतः भरता येत नाहीत, कॉलेज-विद्यापीठाकडूनच जमा होतात. नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक असला तरी अडकतात.

ओंजळभर

प्रयोगवही सर, क्रेडिटच्या भागाकाराचा मी विचार केला नव्हता. मुलाला दाखवतो. पण ताणाचा मुद्दा मला अजूनही महत्त्वाचा वाटतो. मुलीला स्वतःला गणित झेपेल असं वाटतं का, हे तिला एकदा शांतपणे विचारा. आपण मोठी माणसंच सगळं ठरवून टाकतो.

पाऊलवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. ओंजळभर, तुमचं म्हणणं मी तिच्यासमोर तसंच ठेवलं. ती म्हणाली, पहिल्या सत्रातला पेपर आजारपणात गेला, दुसऱ्या सत्रात गणितात तिला तिन्ही विषयांतले सगळ्यात जास्त गुण आहेत. हे मलाही माहीत नव्हतं.

आज आम्ही दोघी विभागप्रमुख मॅडमना भेटलो. सरांनी लिहिलं होतं तसंच निघालं, भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिकाची बॅच गणिताच्या व्याख्यानावर येत होती. मॅडमनी वेळापत्रक समोर घेतलं, गणिताच्या सरांना बोलावलं आणि बॅच बदलून द्यायचं मान्य केलं. अजून काही मुलांनाही हीच जोडी हवी होती, पण नाही म्हटल्यावर ती परत गेली होती. मॅडमनी त्यांनाही निरोप पाठवायला सांगितलं. अर्जाच्या प्रतीवर शिक्का घेतला आहे. परीक्षा विभागाने राहिलेल्या पेपरची अडचण नाही असं सांगितलं, आणि मी सातवीखिडकी यांच्या शब्दांतच विचारल्यामुळे त्यांनी नियमावलीतलं ते पानही दाखवलं. एबीसी खात्यात दुसऱ्या सत्राचे क्रेडिट अजून दिसत नाहीत, त्यासाठीही अर्ज दिला.

आता चौथ्या वर्षाबद्दल कुणी सांगेल का? आणि ओई कोणता घ्यावा?

प्रयोगवही

फार बरं वाटलं वाचून, विशेषतः बाकीच्या मुलांना निरोप गेला याचं.

चौथ्या वर्षाचा निर्णय आत्ता घ्यायची गरज नाही. सहावं सत्र संपेपर्यंत दोन्ही रस्ते खुले असतात. तीन वर्षांअखेर १२० ते १३२ क्रेडिटवर पदवी मिळते आणि त्यानंतर एमएस्सी दोन वर्षांची. चार वर्षांअखेर १६० ते १७६ क्रेडिटवर ऑनर्स, आणि मग एक वर्षाच्या एमएस्सीचीही तरतूद आहे. एकूण वर्षं दोन्हीकडे पाचच. फरक पडतो तो चौथं वर्ष कुठे घालवता यात. तिच्या कॉलेजात संशोधनासह ऑनर्सची सोय आहे का, मार्गदर्शक आहेत का, प्रयोगशाळा कशी आहे, हे पाचव्या सत्रात डोळसपणे पाहावं. सोय चांगली असेल आणि ७५ टक्क्यांची अट पूर्ण होत असेल तर राहावं. २०२२ च्या पीएचडी नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर थेट पीएचडीच्या प्रवेशासाठीही पात्र होता येतं, संशोधनाची ओढ असलेल्या मुलीसाठी ही मोठी गोष्ट आहे. सोय नसेल तर तीन वर्षांनी जॅम देऊन चांगल्या संस्थेत जाणं मला जास्त योग्य वाटतं. जॅम सहसा फेब्रुवारीत होते आणि अर्ज त्याआधीच्या शरद ऋतूत भरावे लागतात, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच तारखा पाहायला हव्यात.

ओई तिच्या आवडीने घेऊ द्या. तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र, भाषा, जे वाचायला तिला कधी वेळ मिळाला नसता ते घ्यावं. फक्त तास कधी आहेत ते आधी पाहा, नवी बॅच त्यावर यायला नको.

सातवीखिडकी

अर्ज लॉक करायच्या आधी पोर्टलवर मेजर, मायनर, व्हीएससी आणि ओई या चारही रकान्यांत जे दिसतंय ते विषय-संकेतांकासकट एकदा मोठ्याने वाचायला सांगा. सारख्या नावाचे थिअरी आणि प्रात्यक्षिकाचे संकेतांक शेवटच्या अंकात वेगळे असतात. लॉक केल्यावर पीडीएफ उतरवून तुमच्याकडेही एक प्रत ठेवा. परीक्षेच्या अर्जाच्या वेळी हेच विषय आलेत का ते त्या प्रतीशी ताडून बघायचं.

पाऊलवाट

आत्ताच दोघींनी फोनवर एकेक संकेतांक वाचला. गणिताचं प्रात्यक्षिक सुटलं होतं, ते घातलं. ओईला तिने अर्थशास्त्र घेतलंय, शनिवारी सकाळी तास आहे, कशावरही येत नाही. अर्ज लॉक झाला, पीडीएफ माझ्याकडे आली. एबीसीच्या क्रेडिटचं काय होतं ते इथेच कळवते.