पाठवलेलं पत्र पाठवणाऱ्याच्याच दफ्तरात कसं?

मोडीवेडा: पुण्याच्या पुराभिलेखागारात मोडीचे रुमाल (कागदांची कापडी गाठोडी) सोडून बसणारा माणूस मी. तिथे आलेलं पत्र सापडतं. गेलेलं हवं असेल तर ज्याला गेलं त्याच्या वंशजांचे माळे धुंडाळायचे. परवा भाचीने अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर तिथला जुना राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन याचं दफ्तर उघडून दिलं. बघतो तर त्याने दुसऱ्यांना लिहिलेल्या पत्रांचा ढीग! अक्षर त्याचंच, कारकुनाचं नव्हे. मग ती पोचली तरी का? शिवाय काही पानं चहात बुडवल्यासारखी पुसट. जाणकारांनी उलगडा करावा.

रिचमंडकर: पोचली हो, काळजी नसावी. तुम्ही बघताय त्या नकला. १८०४ च्या आधीच्या बऱ्याचशा नकला काढायच्या दाबयंत्रावर छापलेल्या. जेम्स वॉटने (होय, वाफेच्या इंजिनवालाच) १७८० साली या यंत्राचं पेटंट घेतलं. ताज्या शाईच्या पत्रावर ओलसर पातळ कागद ठेवून दाबायचा. शाई उतरते, पण अक्षरं उलटी. म्हणून कागद इतका पातळ, की मागच्या बाजूने सुलट वाचता यावं. पाणी जास्त झालं की अक्षर फुटलंच. तुमचा चहा तो हाच!

१८०४ पासून त्याने पॉलिग्राफ वापरला, मरेपर्यंत. फिलाडेल्फियाचा चित्रकार चार्ल्स विल्सन पील ही यंत्रं बनवायचा. दोन लेखण्या दांड्यांनी जोडलेल्या. एक आपल्या हातात, दुसरी शेजारच्या कागदावर तेच गिरवते, सहीसकट. मोंटिसेलोला, म्हणजे जेफरसनच्या घरी, त्याच्या खोलीत पाहिला. काहीतरी अवाढव्य असेल वाटलं होतं, निघाली मुनीमजींच्या डेस्काएवढी पेटी.

आणि तुमच्या कामाची गोष्ट: या गृहस्थाने १७८३ ते १८२६ स्वतःची आवक-जावक वही ठेवली होती. ६५६ पानं. गेल्या-आल्या पत्राची नोंद स्वतःच्या हाताने. राष्ट्राध्यक्ष असतानाही!

शाईचा डाग: सगळेच असे नव्हते. जॉर्ज वॉशिंग्टनने स्वातंत्र्ययुद्धातल्या कागदांच्या नकला आपला चिटणीस रिचर्ड व्हॅरिक याच्या हाताखाली कारकून बसवून करून घेतल्या, ४४ खंड. पण घरची पत्रं? तो गेल्यावर बायकोने, मार्थाने, दोघांचा पत्रव्यवहार जाळला, मोजकी वाचली. उरलेल्यावर संपादकाचीच कात्री: जॅरेड स्पार्क्सने राष्ट्राध्यक्षपदाच्या शपथविधीसाठी लिहिलेल्या पण वॉशिंग्टनने न दिलेल्या पहिल्या भाषणाचा मसुदा कापून तुकडे हस्ताक्षरप्रेमींना वाटले. मला तर जाळणारीपेक्षा या कापणाऱ्याचाच जास्त राग येतो.

मोडीवेडा: रिचमंडकर, आवक-जावक म्हणालात आणि डोक्यात प्रकाश पडला. रात्री वही उघडून बसलो. आता एखादं पत्र दफ्तरात नसलं तरी ते लिहिलं होतं एवढं तरी कळतं. आमच्याकडे कुठल्या सरदाराच्या दफ्तरात अशी सलग वही कुणी पाहिली आहे का? पाहिली असेल तर रुमाल क्रमांकासकट सांगा, सोमवारी जातोच आहे.