अनुभव धागा: भौतिकशास्त्र शिकलो आणि संरक्षण संशोधनात रमलो

संरक्षणमंत्र्यांचे पहिले वैज्ञानिक सल्लागार दौलतसिंह कोठारी. श्वेत बटू ताऱ्यांवर काम केलेला माणूस १९४८ साली या खात्यात आला. पुढचे चौघेही (भगवंतम, नागचौधुरी, मेनन, रामण्णा) भौतिकशास्त्रातलेच. पुण्यात पाषाण, खडकी, दिघी, गिरीनगर भागात संरक्षण संशोधनात काम केलेल्यांची घरं बरीच आहेत, तेव्हा लिहा. गोपनीय काही नको, हे वेगळं सांगत नाही.

सुरुवात माझी. एम.एस्सी. करून डीआरडीओत (संरक्षण संशोधन संस्थेत) सायंटिस्ट बी, म्हणजे शास्त्रज्ञाच्या पहिल्या पायरीवर, लागलो. पहिल्याच आठवड्यात साहेबांनी हातावर खोडरबराच्या टोकाएवढा तांब्याचा तुकडा ठेवला. "दाब किती होता ते याला विचार." तोफ उडते तेव्हा हा आत असतो आणि दाबाने चेपतो. मायक्रोमीटरने त्याची उंची मोजायची, मग तक्त्यात दाब बघायचा. साहेब पुढे संचालक झाले, तरी चाचणीला आले की मायक्रोमीटरचं शून्य स्वतः तपासायचे. तोवर आमच्या आकड्यांकडे ढुंकूनही बघत नसत.

पाषाणची लेक: बाबा कुठे गेलेत? "चांदीपूर, ओडिशा." कशाला? "कामाला." संपलं. १९९९ मध्ये पिनाका रॉकेट यंत्रणा कारगिलला गेल्याची बातमी आली, ती त्यांना दाखवली. त्यांनी पेपरची घडी घातली आणि चहा मागितला. अजून माहीत नाही, ते नेमकं काय करायचे.

फाईलग्रस्त: भौतिकवाल्याला एल-वन म्हटलं की सूर्य-पृथ्वीमधला बिंदू आठवतो. आमच्याकडे एल-वन म्हणजे सगळ्यात कमी भावाची निविदा! गटप्रमुख झालो आणि लेसरवरचं काम सुटलं. एक डिटेक्टर हवा होता, त्याची फाईल चौदा महिने फिरली. तोवर ज्याला तो हवा होता तो पोरगा नोकरी सोडून गेला. शोधनिबंध छापायची मुभा नाही, त्यामुळे बायोडेटात वर्षंच्या वर्षं कोरी. तरी परत विचारलं तर हेच करीन, पण गटप्रमुख होणार नाही.

निवृत्त, दिघी: पाषाणची लेक, तुमच्या बाबांचं सांगता येणार नाही, माझं सांगतो. चांदीपूरला ओहोटीला समुद्र काही किलोमीटर मागे हटतो. म्हणूनच तिथे चाचणीचं ठिकाण: डागलेले गोळे परत शोधता येतात. मोठमोठे डॉक्टरेटवाले पँटी दुमडून, चपला हातात घेऊन चिखलातून चालायचे. मी दोनदा घसरलो. बाबांना एकदा विचारा, चपला कुणाच्या वाहून गेल्या होत्या.